फळीवरचा पक्षी

मुठीत मावेल एवढा एक पक्षी. पायांखाली चार चाकांची चिमुकली फळी, डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर. समोर पुठ्ठ्याचा उतार, पुढे आडवा पडलेला स्टेपलर आणि त्यापलीकडे सरबताच्या वाकड्या स्ट्रॉचा कठडा. पक्षी वेग घेतो, स्टेपलरवरून उडी मारतो, कठड्यावरून घसरत जातो आणि उतरताना तोल जाऊन पडतो. क्षणभराने उठून पुन्हा फळीवर उभा राहतो. ‘स्केटबर्ड’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याने करावयाचे ते एवढेच. शत्रूला संपवणे हा येथे हेतू नाही. पक्षी कोणत्या जातीचा असावा, त्याला कोणती टोपी शोभेल, हे ठरवण्यातच बराच वेळ आनंदात जातो.

हा खेळ ग्लास बॉटम गेम्स या अमेरिकेतील छोट्या संस्थेने तयार केला. संस्थेच्या प्रमुख मेगन फॉक्स. हॉलिवूडच्या अभिनेत्रीशी त्यांचे केवळ नामसाधर्म्य. खेळासाठी लागणारे भांडवल उभारण्याची रीत व्यापारी मंडळींना रोचक वाटेल. 2019 मध्ये किकस्टार्टर या मंचावर खेळाची कल्पना लोकांसमोर ठेवण्यात आली आणि ज्यांना ती आवडली त्यांच्याकडून आगाऊ रक्कम मागण्यात आली. या पद्धतीत ठरलेला आकडा मुदतीत गाठला गेला नाही, तर कोणाचाच पैसा घेतला जात नाही. आकडा गाठला तरी पैसे देणाऱ्याला ना व्याज मिळते, ना नफ्यात वाटा. माल तयार झाला की त्याची प्रत हाती येते. जुन्या पेढ्यांवर बयाणा घेऊन माल घडवण्याची जी चाल होती, तिचेच हे आधुनिक रूप. फरक एवढाच, की येथे बयाणा देणारे हजारो गिऱ्हाईक एकमेकांना आणि कारागिराला कधी भेटलेलेही नसतात. लोकांनी या पक्ष्यावर विश्वास टाकला आणि 16 सप्टेंबर 2021 रोजी खेळ बाजारात आला.

या पक्ष्याच्या मागे जी क्रीडा उभी आहे, तिचा इतिहास पडण्याचाच इतिहास आहे. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी रस्त्यावर तोच आनंद मिळावा म्हणून फळीला चाके लावली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडने हातांनी न धरता फळीसह हवेत झेपावण्याची युक्ती शोधली. त्याच्या टोपणनावावरून तिला ‘ओली’ म्हणतात. पुढे रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली आणि रस्त्यावरचा प्रत्येक कठडा, प्रत्येक पायरी खेळाचे साहित्य बनली. 27 जून 1999 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स गेम्समध्ये टोनी हॉकने हवेत अडीच फेऱ्या घेण्याचे दिव्य साधले, तेव्हा स्पर्धेची वेळ संपून गेलेली होती. तो पुन्हा पुन्हा पडत होता आणि पुन्हा पुन्हा वर चढत होता. त्याला कोणी थांबवले नाही. अखेर फळी जमिनीवर टेकली आणि तो उभा राहिला. त्या वेळी त्याचे वय 31 वर्षे होते.

त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम निघाला आणि स्केटबोर्ड जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचला. खऱ्या फळीवरून पडले तर मनगट मोडते. पडद्यावरून पडले तर काहीच मोडत नाही. धाडसाची किंमत शून्यावर आली. ‘स्केटबर्ड’ हा त्याच घराण्यातील धाकटा वारस आहे. मात्र त्याने धाडसी वीराच्या जागी एक गुबगुबीत पाखरू आणले आणि पराक्रमाला खुशाल हसण्याची मुभा दिली.

प्राण्याने फळीवर चढावे ही कल्पना तशी केवळ काल्पनिक नाही. 2009 मध्ये टिलमन नावाच्या बुलडॉगने स्केटबोर्डवरून 100 मीटर अंतर 19.678 सेकंदांत कापल्याची नोंद गिनीज बुकात झाली. 2015 मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे ओटो हा दुसरा बुलडॉग पाय फाकून उभ्या राहिलेल्या 30 माणसांच्या बोगद्यातून फळीवरून सरळ निघून गेला. या दोघांच्या कौतुकाला प्रेक्षक होते, मोजमाप होते, विक्रम होता. ‘स्केटबर्ड’मधील पक्ष्याचे खटाटोप मात्र वेगळ्याच कारणासाठी चालतात, आणि या विनोदी खेळाचा गाभा तेथेच आहे.

पक्षी ज्या खोलीत खेळतो ती त्याच्या मालकाची. खेळात त्याला ‘मोठा मित्र’ म्हटले आहे. हा मोठा मित्र एके काळी स्वतः स्केटबोर्ड खेळत असे. आता कंटाळवाण्या नोकरीने त्याचा दिवस गिळला आहे. ज्या वस्तूंनी त्याचे आयुष्य अडवले, त्यांचीच पाखरांनी क्रीडांगणे केली आहेत. कार्यालयातला स्टेपलर ओलांडण्याजोगा अडथळा होतो आणि टाकाऊ पुठ्ठा उताराचे काम करतो. आपल्या मित्राचे काहीतरी बिघडले आहे एवढे पाखरांना उमगते. मग ती त्यांना जमेल ते करू लागतात. त्यांना जमते ते फारच थोडे. परंतु यश हाती येईलच असे नाही, प्रयत्न मात्र मनापासून करायचा, हेच या पाखरांचे ब्रीद आहे.

मोठा मित्र हा काही आळशी किंवा हरलेला माणूस नाही. तो कामावर जातो, घर चालवतो. जबाबदारी पेलणाऱ्या माणसाच्या हातून छंद सुटतो तो असाच, कोणताही निर्णय न होता. गादीवर बसणाऱ्या कितीतरी घरांत माळ्यावर एखादी पेटी किंवा भिंतीला टेकवलेला कॅरमचा बोर्ड असतो. तो कोणी टाकून दिलेला नसतो आणि कोणी काढलेलाही नसतो. हंगाम आटोपला की, वसुली झाली की, मुलगा दुकानात स्थिरावला की, असे वायदे पुढे ढकलले जातात. बँकेच्या भाषेत असे खाते बंद झालेले नसते. ते निष्क्रिय झालेले असते. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर खात्याला हा शिक्का बसतो. दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. तरीही ती खातेदाराची राहते आणि मागण्याचा त्याचा हक्क संपत नाही. मात्र ती मागावी लागते. वारसांना अशा खात्यांचा पत्ता अनेकदा जुन्या कागदांतून लागतो. वडील पेटी वाजवत असत, हेही काही मुलांना तसेच फार उशिरा कळते.

योगायोग असा की, हा खेळ येण्यापूर्वी दोन महिन्यांच्या आतच टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगने पदार्पण केले होते. 26 जुलै 2021 रोजी महिलांच्या स्पर्धेत जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्ण आणि ब्राझीलच्या रायसा लेआलने रौप्य पदक मिळवले. दोघीही 13 वर्षांच्या. एकीकडे तेरा वर्षांच्या मुलींना पदके देणारी क्रीडा आणि दुसरीकडे तीच क्रीडा विसरून गेलेला एक नोकरदार, ही दोन्ही चित्रे एकाच वर्षाची आहेत. पहिले चित्र वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले. दुसऱ्याची दखल एका विनोदी खेळाने घेतली.

खेळात उणिवाही आहेत. पक्षी कोपऱ्यात गेला की दृश्य भलतीकडे फिरते आणि नियंत्रण निसटते, अशी तक्रार समीक्षकांनी केली, आणि ती रास्त होती. दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला कारागिराचा प्रामाणिकपणा पुरत नाही. त्याला मालही चोख हवा असतो. मनापासून प्रयत्न करणे हे पक्ष्याचे ब्रीद असू शकते, विक्रेत्याची सबब होऊ शकत नाही. तरीसुद्धा पुष्कळांनी हा खेळ आवडीने खेळला, कारण त्यातील जिव्हाळा खोटा नव्हता.

पाखराला मालकाची नोकरी करता येत नाही, त्याचे हप्ते फेडता येत नाहीत, वरिष्ठांशी बोलता येत नाही. त्याच्या आवाक्यात एकच गोष्ट असते: मित्र एके काळी जे खेळत असे, ते त्याच्याच पसाऱ्यात, त्याच्याच नजरेसमोर खेळत राहणे. घरातले लहानगेही पुष्कळदा हेच करीत असतात. हिशेबाच्या टेबलाखाली गाडी घरंगळवणारे, बिलांच्या पुठ्ठ्याचा पूल करणारे, एकदा तरी बघा म्हणून हात ओढणारे ते मूल अडथळा आहे असे वाटते. त्या वेळी वही पाच मिनिटे मिटली, तर बेरजेत फरक पडत नाही. पेटी माळ्यावरून उतरवायला मात्र तेवढा वेळ पुरतो.