आबांचा संगणक आणि माईची पत्रिका

चि. अनघा हिस,


माईच्या दशक्रियेची पत्रिका तुला पोचली आणि लगेच तुझा प्रश्न आला, "काका, एवढासा मजकूर छापायला अख्खा दिवस? मी तर आदल्या रात्रीच टाइप करून पाठवला होता." फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "पण का?" विचारशील आणि माझं सांगणं भलतीकडेच जाईल, म्हणून लिहितो.

तुझा मजकूर युनिकोडमधला, म्हणून तुझ्या-माझ्या फोनवर तो स्वच्छ दिसतो. प्रेसवाल्या आबांचा संगणक अजून एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीकडे बघणं एप्रिल 2014 मध्येच सोडलं. त्यावर पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती 2001 सालची, आणि पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. व्हायरसच्या धास्तीनं आबांनी इंटरनेटही जोडलेलं नाही. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून तुझा मजकूर पेनड्राइव्हवर घेतला आणि आबांनी तो पेजमेकरमध्ये आणला, तर 'कै.'पासून 'शोकाकुल'पर्यंत नुसती प्रश्नचिन्हं! आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. "हे असंच येतं. तुम्ही फोन समोर धरा, मी कंपोज करतो."

तर फॉन्टच उघडेना. आबांच्या मराठी फॉन्टच्या पॅकेजला एक लॉक आहे. सीपीयूच्या पाठीमागे, जुन्या प्रिंटरची केबल लावतात त्या पोर्टला ते बसवायचं. ते जरा हललं की पॅकेज आपल्या मालकालाच ओळखत नाही. आबा टेबलाखाली वाकले, लॉकवरचा रबरबँड सोडला, पिना पुसल्या, फुंकर मारली, पुन्हा लावून रबरबँड आवळला आणि संगणक बंद करून चालू केला. तो उठेपर्यंत मी चौकात जाऊन चहा सांगून आलो. इकडे दशक्रिया तोंडावर आलेली, आणि पत्रिका दुपारच्या एसटीनं मेढ्याकडे जायला हव्या होत्या. माईच्या माहेरच्या म्हाताऱ्या मंडळींना हातात कागद पडल्याशिवाय कळवल्यासारखं वाटत नाही. तू म्हणशील व्हॉट्सअ‍ॅप करा. केलं असतं, आणि पुढची दहा वर्षं ऐकून घेतलं असतं!

आबा टाइप करताना एकदा बघच. तू 'क' टाइप करतेस आणि मग वेलांटी देतेस. ते पहिली वेलांटी आधी देतात आणि मग 'क', म्हणजे कागदावर जसं दिसतं तसं. संगणकाच्या लेखी ती मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आपल्या अक्षरांची चित्रं आहेत. फॉन्ट काढून घेतला की 'दशक्रिया'चं निव्वळ इंग्रजी गिचमिड उरतं. तरी हा माणूस कीबोर्डकडे न बघता कंपोज करतो. आणि तुझ्या फोननं आपलं आडनाव 'कुर्हाडे' करून ठेवलं होतं, ते त्यांनी मी काही बोलायच्या आत 'कुऱ्हाडे' केलं.

पुढं बटर पेपरवर प्रिंट काढली तर शिरोरेषा अर्धी फिकट. टोनर काढून हलवला, परत प्रिंट, मग प्लेट, छपाई, कटिंग. एसटी केव्हाच गेली होती. शेवटी मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरकडे गठ्ठा सोपवला.

तुम्ही पुण्याची मंडळी म्हणाल, आबांनी बदलायला नको का? मीही तेच म्हटलं. त्यांचा हिशेब ऐक. नव्या संगणकाला ते जुनं पोर्ट नसतं, म्हणजे पैसे मोजून घेतलेलं लॉक कचऱ्यात. त्यांच्याकडे गावातल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पतपेढीची पावतीपुस्तकं पेजमेकरमध्ये आहेत. त्या फायली पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस6 आवृत्तीपर्यंत उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांनी तीही सोय काढून टाकली. आता इनडिझाइन दर महिन्याच्या भाड्यानं घ्यायचं. भाच्याच्या लॅपटॉपवर त्यांनी ते एकदा पाहिलंही, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडलेली बघून नाद सोडला. त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला की अक्षरं जागेवर येतात, हे त्यांना सांगणार कोण?

मला राग येतो तो इथं. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे प्रत्येक कंपनीनं आपापले वेगळे फॉन्ट विकले, एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये असे. शासनानं युनिकोडचे आदेश काढले ते कचेऱ्यांसाठी. तालुक्याच्या प्रेसमध्ये येऊन कुणी शिकवलं नाही. आबांचे वडील खिळे जुळवायचे. जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, त्या जमान्याचं ते तंत्र. खिळे झिजायचे, पण एका प्रेसचा 'क' दुसऱ्या प्रेसमध्येही 'क'च असायचा, आणि खिळ्यांना लॉक नव्हतं.

तेव्हा दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस आबांसाठी काढ. 'एक टाइप'चे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, ते लॅपटॉपमध्ये घालून आण. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवायच्या फंदात पडू नकोस, ह्या वयात बोटांचं वळण बदलत नाही. टाइपरायटरच्या मांडणीनं युनिकोड टाइप करायची सोय असते, तीच त्यांना दे. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यात कुठे रफार उडतो, कुठे वेलांटी सरकते. ती प्रुफं मी वाचीन. आबांना मी अजून काही बोललो नाही, तूच विचार. आणि चार्जर विसरू नकोस, इथं दुपारी वीज जाते.

तुझा,
काका