बिनदाराचे पुस्तक

कोणी पुस्तक उसने मागायला आले, की माझा हात कपाटाच्या किल्लीकडे जातो आणि मन मात्र मागे रेंगाळते. माझी एखादी कादंबरी कोणी नेली, तर मी सुखावतोच. पण जाड, महागाचे पुस्तक द्यायचे म्हटले, की ते परत येईल की नाही याचा हिशेब मनात सुरू होतो. दिले की जाते, हा छापील पुस्तकाचा धर्मच आहे.

अलीकडे मात्र मी एक असे पुस्तक वाटत असतो, की कितीही जणांना दिले तरी ते माझ्यापाशी उरतेच. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने २०१२ पासून 'ओपनस्टॅक्स' या नावाने इंटरनेटवर पाठ्यपुस्तके फुकट द्यायला आरंभ केला. विद्यापीठांतल्या अध्यापकांनी लिहिलेले पदार्थविज्ञानाचे तीन खंड २०१६ साली त्यांत आले. फाइनमन यांची १९६१ ते १९६३ मधली प्रसिद्ध व्याख्यानेही इंटरनेटवर वाचायला मोकळी आहेत. पण त्यांच्या नकला वाटता येत नाहीत. हे तीन खंड मात्र छापा, वाटा, भाषांतर करा. मूळ लेखकांचे नाव आणि काय बदलले ते सांगा, म्हणजे झाले!

आमच्या सोनईजवळ शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारे न लावण्याची जुनी रीत. पण दार नसले, तरी उंबरठा ओलांडावाच लागतो. या पुस्तकाचा उंबरठा म्हणजे इंग्रजी. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या एका मुलीने अकरावीला विज्ञान घेतले. आईच्या मोबाइलवर मी तिला पहिला खंड पाठवला. चार दिवसांनी ती म्हणाली, "सर, आकृती कळते. खालचं लिहिलेलं कळत नाही." विज्ञान सोडून कला शाखेला जावे, असा तिचा विचार चालला होता.

मी स्वतः मॅट्रिक. पदार्थविज्ञानात माझी धाव ती केवढी! पण वाक्य उलगडणे हा माझा रोजचा धंदा. मी वाक्य सोडवावे, तिने त्यातले शास्त्र मला समजावावे, असे आमचे ठरले. ब्रेक दाबताच ट्रॉलीतला ऊस पुढे का सरकतो, हे तिने मला सांगितले आणि जडत्व मला या वयात प्रथमच नीट भेटले.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो आमच्याच तालुक्यातल्या नेवाशात. त्या थोरवीशी आमची बरोबरी कसली? पण मोकळ्या दारातली वस्तू आपल्या माणसांच्या हाती पोचवायला कोणीतरी उठावे लागते, एवढा धडा त्या मातीतून घ्यायला हरकत नसावी.

जडत्वाची चार पाने मराठीत झाली. मैत्रिणींना पाठवण्यापूर्वी तिने मूळ लेखकांची नावे वर लिहिली आणि विचारले, "सर, आपलं घालायचं?"

"घाल," मी म्हटले, "पण खाली, बारीक अक्षरात. आणि तुझं आधी."