आधी उसवून तर बघ

सुपे, ता. बारामती

चि. बाळास,


मामंजींची फियाट तू पुण्याला नेणार आहेस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिचा पुढचा बाक काढून दोन सुट्या तयार सीटा बसवायच्या, असं तू म्हणालास आणि तेव्हापासून चैन नाही. इंजिनातलं मला कळत नाही. शिवणातलं कळतं, म्हणून लिहायला बसले.

त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे. खाली मधे गिअरचा दांडा नाही, म्हणून तर या दारापासून त्या दारापर्यंत सलग बाक. मोरगावला चतुर्थीला निघालं की पुढे तिघं बसायची आणि मधल्याच्या मांडीवर एखादं पोर. सुट्या सीटांसाठी खालच्या पत्र्याला नवी भोकं पाडावी लागतील, आणि पत्र्याला भोक पडलं की गंजाला वाट मिळाली म्हणून समज.

तू म्हणतोस, बाक बसलाय. बसलाय खरा, ड्रायव्हरच्या बाजूला तर चांगलाच. पण का बसलाय ते बघायला मी तो सोडवून ओसरीवर घेतला आणि उसवला. आत लोखंडी चौकट, तिच्यात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर तरट, तरटावर काथ्याची गादी, तिच्यावर फोमचा पातळ थर आणि सगळ्यावर रेक्झीन. यातलं कुजलंय फक्त तरट. तरट गेलं की स्प्रिंगा काथ्यात घुसतात, काथ्याचा भुगा होतो, मग वरचा फोम दबतो आणि शेवटी बसणाऱ्याला तार टोचते. पुष्कळ ठिकाणी काय करतात, तरटाला हात न लावता वरून जाड फोम कोंबतात. पहिले काही महिने गुबगुबीत वाटतं. पण बाक उंच होतो, गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि खालून स्प्रिंगा नवा फोमही कुरतडत राहतात. म्हणून आधी चौकट तारेच्या ब्रशने घासायची, रेड ऑक्साइड मारायचा, सुटलेल्या स्प्रिंगा तारेने बांधायच्या, नवं जाड तरट ताणून बसवायचं. फोमचा विचार त्यानंतर.

जुनं रेक्झीन मात्र फाडायचं नाही. तोच आपला नमुना. उसवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने वर, खाली, डावा, उजवा लिहायचं आणि शिवणीवर आडव्या खुणा करायच्या, म्हणजे कुठला तुकडा कुठे भेटतो ते चुकत नाही. एक गोष्ट दुकानातला घाईत विसरतो: ड्रायव्हरच्या बाजूचं रेक्झीन वर्षानुवर्षं ताणून मोठं झालेलं असतं. त्यावरून कापलंस तर नवीन कव्हरला पहिल्या दिवसापासून सुरकुत्या. माप शेजारच्या बाजूचं घ्यायचं आणि तो तुकडा उलटा ठेवून दुसऱ्या बाजूसाठी कापायचा.

उसवताना शिवणीच्या आत दुमडलेली माया उघडली, आणि बाळा, तिथला रंग बघायला तू हवा होतास. बाहेरून सगळं विटक्या विटेसारखं दिसतं, पण बोटभर रुंदीच्या त्या पट्टीत गडद डाळिंबी रंग जसाच्या तसा आहे. तिथे ऊन पोचलंच नाही. त्यातला एक तुकडा पाकिटात घातलाय. रंग त्यालाच जुळव, फोटोला नाही.

ही गाडी आपल्याला परकी नाही. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्यांनी साखर कारखाना उभारला आणि ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसलं, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. गाव मात्र आजही फियाटच म्हणतं. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची गेली. त्याआधी, २०१५ साली, टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईतल्या टॅक्सींच्या सीटांसाठी आणि छतासाठी खास कापडं काढली होती. एकेका टॅक्सीचं कापड वेगळं. हे करता आलं, कारण सीटचं कव्हर निघतं आणि पुन्हा चढतं. टाका, तार आणि रिंग, यापलीकडे तिथे काही नाही. ज्याच्या हातात पक्कड आणि दाभण आहे त्या कुणालाही ही सीट उघडता येते. अशी उघडता येणारी वस्तू घरात असताना ती भंगारात घालून चिकटवलेली, न उघडणारी वस्तू का घ्यायची, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

शिवण घरच्या मशीनवर होईल. सुई अठरा नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा उन्हाने आणि घामाने कुजतो. टाका मोठा ठेवायचा, इंचाला सहा-सात. बारीक टाक्यांनी रेक्झीनला शेजारी शेजारी इतकी भोकं पडतात की ते त्याच रेषेवर फाटतं. टाचण्या लावायच्याच नाहीत, त्यांचं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावते. आणि रेक्झीनला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीचं अख्खं कव्हर शिवून बाकावर चढवून बघणार आहे. मधल्या उभ्या पट्ट्या शिवताना प्रत्येक पट्टी थोडं कापड खाते, ते किती, ते चादरीवरच कळेल.

चढवण्याचं काम उन्हाळ्यातच करू. आपल्याकडच्या उन्हात कव्हर थोडा वेळ अंगणात पसरलं की रेक्झीन मऊ पडतं आणि कोपऱ्यावर सहज ताणलं जातं. थंडीत तेच अडून बसतं. तेव्हा मात्र तू हवास. एकाने दोन्ही हातांनी ओढून धरायचं आणि दुसऱ्याने पकडीने रिंगा दाबायच्या, हे एकटीचं काम नाही. मे महिन्यात रेक्झीन अंगाला चटके देतं हे तुझं म्हणणं खरं आहे. त्यासाठी वरून घालायला सुती खोळ शिवून देईन, धुता येईल अशी.

नाना पेठेत जाशील तेव्हा जाड तरट, पायपिंगची दोरी आणि रिंगा आण. फोम चाळीस डेन्सिटीचा, इंचभर जाडीचा पुरे. दुकानदार जाड घ्या म्हणेल, ऐकू नकोस. रेक्झीन मागच्या बाकासाठीही एकाच ताग्यातून घे, नंतर रंग जुळत नाही. आणि ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळूनच आण. घडी घातलीस तर तिची रेघ पुढे कितीही ताणलं तरी जात नाही.

तुझी,
काकू