दगड कुणाच्या हातात आहे?



आम्ही काही चित्रपट समीक्षक नाही. सिनेमाचे शिक्षण घ्यायला कुठल्या संस्थेत गेलो नाही. तिकीट काढून, नाहीतर मोबाईलवर मिळेल तसे सिनेमे पाहतो आणि रात्र रात्र मित्रांशी वाद घालतो. या वादातून आमची एक कसोटी तयार झाली आहे. सिनेमात आपला माणूस आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो माणूस स्वतः काही करतो का? की दुसऱ्याच्या मनाचा मोठेपणा दिसावा म्हणून तो नुसता रडतो आणि मरतो?

१९३६ साली 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य कस्तुरी आणि ब्राह्मण प्रताप यांचे प्रेम, आणि शेवटी कस्तुरीचा रेल्वेखाली मृत्यू. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' हे न झालेले भाषण स्वतः छापले. एकीकडे जात मुळासकट उपटायचा विचार आणि दुसरीकडे पडद्यावर पोरीचा बळी! प्रेक्षक डोळे पुसत घरी गेले, जात जागच्या जागी राहिली.

१९५९ चा 'सुजाता' आम्हाला आजही आवडतो. नूतनसारखी अभिनेत्री पुन्हा झाली नाही. पण त्या घराने सुजाताला पोटच्या पोरीसारखे मानावे यासाठी तिला आपले रक्त द्यावे लागते. माणूस असणे पुरेसे नव्हते काय?

पुढे ६० वर्षांनी 'आर्टिकल १५' आला. हेतू चांगला, पण नायक ब्राह्मण पोलीस अधिकारी. लढणारा निषाद मात्र मध्येच मारला जातो. 'सैराट'चा हिंदीत 'धडक' झाला तेव्हा तर जात इतकी पुसट केली, की का मारले हेच नीट कळू नये.

आमचा एक मित्र म्हणतो, "मग 'जय भीम'मध्ये तरी काय वेगळे आहे? तिथेही न्याय वकीलच मिळवून देतो." मुद्दा बरोबर आहे. पण सेंगेनीकडे बघा. नवरा पोलीस कोठडीत मेलेला, स्वतः गरोदर, हातात पैसा नाही. तरी तडजोडीचे पैसे ती नाकारते. वकील कायदा जाणतो, पण लढा तिचा आहे. म्हणून तो सिनेमा आमच्या कसोटीला बराचसा उतरतो.

पूर्ण उतरतो तो नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते तेव्हा थिएटरात हशा पिकला होता. पडद्यावरचे गावही तसेच हसत होते. पुढे मारलेले डुक्कर काठीला टांगून ते शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीमाईंचे चित्र आहे. आणि शेवटी जब्याचा दगड थेट आपल्या अंगावर येतो. तेव्हा कुणी हसले नाही.

मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ'चा शेवट शांत आहे. टेबलावर चहाचे दोन ग्लास आणि मध्ये मोगऱ्याचे एक फूल. गळाभेट नाही. तमिळ येत नसूनही आम्हाला ते दोन ग्लास कळले. वेगळ्या कपबशीचा इतिहास आपल्या आजोबांनीही पाहिला आहे.

"कलेला जात नसते, तुम्हीच ती शोधता," असे आम्हाला ऐकवले जाते. कलेला जात नसेल, तर ८० वर्षे नायकांची आडनावे ठरावीकच का राहिली, याचे उत्तर मिळावे.

फक्त आपल्याच लोकांचे सिनेमे पाहा, असे आम्ही म्हणत नाही. सगळे पाहा, गाणी गुणगुणा, चांगल्याला चांगले म्हणा. पण कीव आणि स्वाभिमान यांतला फरक ओळखायला शिका. यंदा १४ एप्रिलला डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढा, विहारासमोर एक पांढरा पडदा लावा, एक सिनेमा दाखवा. संपल्यावर खुर्च्या लगेच उचलू नका. वस्तीतल्या पोरापोरींना विचारा : यात कोण रडले, कोण लढले, आणि शेवटचा शब्द कुणाचा होता?

जयभीम!