बदली तासांची वही

समाजातील अनेक व्यापारी घराण्यांतील मंडळी आज शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. शाळेस भेट देणे, दहावीचा निकाल विचारणे, नव्या खोल्यांचे बांधकाम पाहणे ही कामे ते निष्ठेने करतात. मुख्याध्यापक कामाची वाटणी कशी करतात, हा विषय मात्र त्या भेटीत क्वचितच निघतो.

शिक्षकाचा दिवस वेळापत्रक ठरवते. दुपारचे शेवटचे तास, मोठ्या पटाचे वर्ग आणि गैरहजर सहकाऱ्याऐवजी घ्यावा लागणारा बदली तास, यांचे वाटप मुख्याध्यापकांच्या हाती असते. एका शिक्षिकेच्या वाट्याला आठवड्यात चार बदली तास आणि मर्जीतल्या शिक्षकाला एकही नाही, हे शिक्षकदालनात कोणाला सांगावे लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जे. स्टेसी ॲडम्स यांचा १९६३ सालचा समन्यायाचा सिद्धांत परिचित असेल. आपण किती दिले व किती मिळाले, हा ताळा माणूस शेजाऱ्याच्या खात्याशी पडताळून पाहतो. तफावत आढळली की पुष्कळदा स्वतःचे देणे आखडते घेतो.

शिक्षक तास बुडवीत नाही, कारण त्याची नोंद होते. प्रथम थांबते ते नोंद नसलेले काम. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलाला अर्धा तास बसवणे, वहीतील चुकीशेजारी दोन ओळी लिहिणे, चार दिवस न आलेल्या मुलीची घरी चौकशी करणे. हजेरीपट भरलेला राहतो, अभ्यासक्रम पूर्ण होतो, निकालही काही वर्षे टिकतो. पेढीवरील जुन्या माणसाचे मन उडाले तरी गल्ल्यात लगेच तूट येत नाही. गिऱ्हाईक मात्र हळूहळू दुसरीकडे वळते. हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे. सेवाज्येष्ठता, गोपनीय अहवाल, प्रतिकूल शेरा संबंधितास कळवणे, बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील, या गोष्टी त्यात आल्या. बदली तासांची वही त्या कायद्याच्या दृष्टीआड राहते. मंडळाच्या सदस्यांनी वर्षातून एकदा तरी ती मागून पाहावी. सर्वांना सारखेच तास हवेत असे नाही. आजारी आईची शुश्रूषा करणाऱ्या शिक्षिकेला सवलत दिली, तर सहकारी कुरकुरत नाहीत. कारण उघडपणे सांगितलेले असावे आणि उद्या दुसऱ्यावर तीच वेळ आली तर तोच नियम लागावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

आपल्या संस्थांपुरती आणखी एक गोष्ट. पर्युषणात समाजातील शिक्षकाला प्रतिक्रमणासाठी लवकर जाऊ देणे उचितच. त्याचे तास निमूटपणे घेणाऱ्या सहकाऱ्याने पुढे गावच्या जत्रेसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर परीक्षा जवळ आल्याचे उत्तर मिळते. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर येतात, आणि त्यांवर काय शेरा पडला हे संध्याकाळपर्यंत शिपायासही ठाऊक झालेले असते.