बाईंनी दिलेलं गाणं

भिंगारच्या छावणीत आम्ही पोरं रणगाड्यांच्या घरघराटात वाढलो. चिलखती दलाचं केंद्र जवळच, वडील तिथेच नोकरीला. १९७१च्या भारत-पाक युद्धात ते शकरगडच्या आघाडीवर होते, पण त्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढत नसत. आम्हाला येत ती सगळी गाणी विजयाची. 'शीर लशालोम' हे हिब्रू शांतिगीत माझ्यापर्यंत आलं ते गाण्याच्या बाईंमुळे.

बाई बेने इस्रायली ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. घरी मलिद्याचा विधी असला की आम्हा पोरांना हमखास बोलावणं असे. भाऊ इस्रायलमध्ये लोदला स्थायिक झालेला. त्याने पाठवलेल्या कॅसेटवर ते गाणं होतं. "कुणा साधूबैराग्याचं नाही हं," बाई म्हणाल्या, "फौजेतल्याच पोरांचं आहे."

ते खरंच होतं. १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात पाय गमावलेल्या याकोव रोटब्लिटने ते लिहिलं, यायर रोझेनब्लूमने चाल दिली आणि १९६९ साली, सुएझच्या काठावर रोज माणसं मरत असताना, नहाल या लष्करी तुकडीच्या कलापथकाने ते गायलं. मुख्य आवाज मिरी अलोनीचा. सैनिकांची करमणूक करायला नेमलेलं पथक, आणि गाण्यात बोलतात ते मेलेले सैनिक! आमच्यासाठी प्रार्थना पुटपुटत बसू नका, शांतता येईल म्हणून वाट पाहू नका, ती आणा, असं ते जिवंतांना दरडावतात. रेहावाम झेवी या सेनापतीने आपल्या हद्दीत ते गायला बंदीच घातली.

दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावणाऱ्या बाईंना मी विचारलं, "प्रार्थना नको म्हणतात, तुम्हाला राग नाही येत?"

"मेलेल्या पोरांवर कसला रे राग?"

गाण्याचा तो अर्थ मी घरी वडिलांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग पहिल्यांदाच शकरगडला राहिलेल्या सोबत्यांची नावं घेऊ लागले. माझ्यावरचं बाईंचं ऋण हे एवढं आहे.

४ नोव्हेंबर १९९५ला तेल अविवच्या सभेत पंतप्रधान राबिन हेच गाणं अलोनीबरोबर गायले आणि मंचावरून उतरताच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. शब्दांचा कागद खिशात रक्ताने भिजला होता. तेव्हापासून ते शोकगीत म्हणून वाजतं. मला ते पटत नाही. त्यातला दरारा बंदी घालणाऱ्या सेनापतीलाच जास्त नीट कळला होता.