कुटलेला घास

आमच्या घराण्यात धड दात कुणालाच लाभले नाहीत. आजीचे पन्नाशीच्या आतच गेले, आईची कवळी रात्री पेल्यात असायची आणि माझ्या दाढांवर आताच टोप्या चढायला लागल्या आहेत. वाटणीच्या वेळी शेतावरून, भांड्यांवरून, दागिन्यांवरून जे बोलायचं ते सगळे बोलून घेत होते. आजीचा पान कुटायचा खलबत्ता मात्र कुणी मागितला नाही. तो माझ्याकडे आला. वीतभरही उंची नाही, पितळी, आणि तळाशी चुन्याचा पांढरट डाग कायमचा बसलेला.

आजी खटाव तालुक्यातली. दुपारची जेवणं झाली की उंबऱ्याशी बसून ती पान, कात, चुना आणि अडकित्त्याने बारीक कातरलेली सुपारी खलात टाकायची आणि डाव्या हाताने काठ दाबून धरत कुटायची. लगदा झाला की बोटावर घेऊन तोंडात. "आजे, दात नाहीत तर पान कशाला गं?" असं विचारलं की म्हणायची, "दात गेलं, जीभ हाय की!" भाकरीही दुधात कुस्करूनच खायची. दातांचं काम खलबत्त्याने आणि हातांनी उचललं होतं, पोटाची तक्रार नव्हती.

त्याच घरात दातांची दुसरी विद्याही होती. पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड बघायचा तर आजोबा आधी त्याचा खालचा ओठ ओढायचे. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे दुधाचे दात पडून तिथे जोडीजोडीने पक्के येतात: आदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. दातांवरून वय आणि वयावरून किंमत. विकणाऱ्याने देवाची शपथ घेतली तरी तोंड बघितल्याशिवाय आजोबा भावाची गोष्ट काढत नसत.

खलबत्ता माझ्याबरोबर पुण्यात आला. दिवाळीत वेलदोडे आणि मुलगी लहान असताना मधातून द्यायच्या अर्ध्या-पाव गोळ्या, एवढंच त्याचं काम उरलं होतं. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. गिळणं गेलं, नाकातून नळी घातली. गोळ्यांची अगदी पूड झाली नाही तर नळी तुंबते, म्हणून खलबत्ता पुन्हा रोज निघायला लागला. डोकं उंच ठेवायचं, सिरिंज सावकाश दाबायची, शेवटी नळी पाण्याने धुवून काढायची, हे सगळं तेव्हा शिकले. वडिलांची जीभही होती, चवही होती. नळीने दोन्ही वगळली. त्यांना एकदा चमच्याच्या टोकाने आमटी जिभेला लावली तर त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवसांबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही.

चिंगी आणि मंगी हे दोन गिनीपिग मुलीने कॉलेजात असताना आणले. पुढे तिला बंगळूरला नोकरी लागली आणि हा संसार आपसूक माझ्या पदरात पडला. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला तो खायला, खेळवायला नव्हे. पेरू आणि इक्वेडोरमध्ये आजही ताटात असतो. त्याचं सगळं शरीर गवतावर बेतलेलं आहे. तोंडात वीस दात: पुढे चार, मागे सोळा, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहणारे. लांब धाग्याचं गवत दिवसभर दळत राहिलं तरच ते मापात राहतात. दुधाचे दात आईच्या पोटातच पडून गेलेले असतात. पिल्लू जन्मतं तेच पक्के दात आणि उघडे डोळे घेऊन. ओठ ओढून याचं वय काढायला आजोबांनाही जमलं नसतं.

चिंगी आजारी आहे हे मला वजनकाट्याने सांगितलं. दोघी एकाच वाडग्यात खातात तेव्हा कोण किती खातंय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी दोघींना नेमाने ठेवायची. चिंगी ९४० ग्रॅमवरून ८८० वर आली, तेव्हा नीट निरखायला बसले. भूक होती. पिशवीची खसखस ऐकली की शिट्टी मारत पहिली तीच धावायची. गाजराचा तुकडा उचलायची, जबडा दोनदा वेडावाकडा हलवायची आणि तुकडा खाली पडायचा. मंगी तो शांतपणे पळवायची. हनुवटीखालचे केस ओले होते.

जवळच्या एका दवाखान्यात, जिथे कुत्रीमांजरीच जास्त येतात, पुढचे दात बघून "छान आहेत" म्हणाले आणि ॲमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. मुलीने फोनवरच ते थांबवलं, आणि बरं झालं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध गिनीपिगला तोंडाने दिलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जनावर काही दिवसांत दगावू शकतं. आपल्या घरातल्या पोराला बिनदिक्कत देतो ते औषध!

पक्षी, ससे, कासवं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला भेटल्या. त्यांनी पुढच्या दातांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कवटीचा एक्स-रे काढला आणि तोंडात बारीक नळीचा दिवा घालून आतलं चित्र मला पडद्यावर दाखवलं. गिनीपिगच्या खालच्या दाढा मुळातच आत, जिभेकडे कललेल्या असतात. चिंगीच्या डाव्या-उजव्या दाढा वाढत वाढत जिभेवर एकमेकींना भिडल्या होत्या आणि जीभ त्या कमानीखाली अडकून पडली होती. घास मागे ढकलायला जीभच मोकळी नव्हती. आजीचं उलटं होतं: दात गेले होते, जीभ होती. इथे दात इतके झाले की जीभ कैदेत.

भूल देऊन दाढा घासल्या. भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवायचं का, असं मी विचारलं. आपल्याकडे माणसाला ठेवतात ना. त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. याला उलटी होतच नाही, आणि उपास मात्र सोसत नाही." पोटाचं दुखणं इथूनच सुरू होतं. गाईला चार कप्पे आणि रवंथ. गिनीपिगचं गवत आंबतं ते मागच्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत. तिथे तयार झालेली मऊ लेंडी तो थेट गुदाशी तोंड लावून पुन्हा खातो, म्हणजे त्याचं रवंथ तेच. वरून घास येत राहिला तरच ही भट्टी चालते. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही तर आतडी मंदावतात, वायू धरतो, पोट टम्म फुगतं, आणि दुखणाऱ्या पोटाने जनावर आणखी खात नाही. दातांनी सुरू झालेली गोष्ट जीव घेते ती पोटातून.

म्हणून खलबत्ता तिसऱ्यांदा निघाला. गवताच्या कांड्या कुटायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, लापशी सिरिंजमध्ये भरायची. दिवसाला किलोमागे ५० ते ८० मिलिलिटर, चार-पाच वेळांत वाटून, रात्रीही. पंच्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने, थेंबथेंब द्यायचं. समोरून घशात सोडलं तर श्वासनलिकेत जातं. तिने चावल्यासारखं केलं, गिळलं, की पुढचा थेंब. घाई केली की ती पाठ ताठ करते आणि लापशी माझ्या ओच्यावर. वडिलांच्या वेळचा हात इथे कामी आला. सकाळी पहिलं काम लेंड्या बघायचं. बारीक, कोरड्या, टोकदार म्हणजे पोट रिकामं. लांबट गोल, टपोऱ्या दिसल्या की मी मुलीला फोटो पाठवायची. बंगळूरच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना लेंड्यांचे फोटो!

पण या लापशीत एक मेख आहे आणि ती डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. कुटलेलं अन्न दळावं लागत नाही. दळलं नाही की दाढा झिजत नाहीत, झिजल्या नाहीत की पुन्हा वाढून जिभेवर येतात. लापशी जीव वाचवते आणि त्याच वेळी मूळ दुखण्याला खतपाणी घालते. आजीला खलबत्त्याने जन्मभर पोसलं, कारण तिच्या दातांचा प्रश्न संपलेला होता. चिंगीला खलबत्ता लवकरात लवकर बंद व्हायला हवा होता. प्रत्येक वेळी सिरिंज देण्याआधी मी तिच्या पुढ्यात गवताची मूठ ठेवायची आणि मंगीला शेजारी सोडायची. दुसरी खाताना दिसली की ही निदान हुंगायची तरी.

गवताचीही कथाच आहे. देवळाबाहेर गाईला घालायला लसूणघासाच्या पेंढ्या घेऊन बाया बसतात, तो घास चिंगीला जीव की प्राण. पण त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. मोठ्या गिनीपिगला रोज घातला तर मूत्राशयात खडे होतात. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं मिळतात, किंमत बघून मी चाट पडले. शेवटी चुलतभावाने बांधावरचं मारवेल कापून, वाळवून पोतं भरून पाठवलं. "एका उंदरासाठी?" असं विचारायला फोनही केला. त्यातली कुसळं मात्र वेचून काढावी लागतात, हिरडीत नाहीतर डोळ्यात घुसतात. जोडीला रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही झालेला पाहिला, तिथूनच पुढचा शोध लागत गेला. क जीवनसत्त्व कमी पडलं तर दातांना धरून ठेवणारी हिरडीही सैल होते.

दाढा एकदा घासून भागत नाही. मुळंच वाकडी वाढायला लागली की काही आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा सिरिंज. चिंगी आता ९१० वर आहे. मारवेलची पाती खाते, जाड काड्या मंगीसाठी सोडते.

मॉलमधल्या दुकानात काचेआड हे प्राणी बसलेले असतात आणि पोरं हट्ट धरतात. घेणार असाल तर जोडीने घ्या, आणि आधी वर्षभराचं गवत कुठून येणार ते ठरवा. त्याच्या मागच्या दाढा तपासू शकेल असा डॉक्टर गावात आहे का, याची चौकशी करा. ग्रॅम दाखवणारा काटा घरात ठेवा. आणि त्याने संध्याकाळी गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट बघू नका.